दमायच्या आधीच बसायचं

डॉक्टरसाहेब, मला अंथरुणात तुम्ही ढकललंत. थकव्याचा आजार आधीच होता, मान्य. पण ‘मनाचे खेळ आहेत, रोज थोडं जास्त चाला’ हे तुमचं ऐकून मी चालले, आणि तीन आठवडे मला कंगवासुद्धा उचलवला नाही.

त्यातून उठून पहिल्यांदा इमारतीखाली गेले, तर परतताना लिफ्ट बंद. मी जिन्यात बसले. लिफ्ट दुरुस्त करणारा वाकून माझ्याकडे बघत होता.

“लिफ्टवर रुसलात की काय?”

“दर सहा पायऱ्यांनी दमते. आळशी आहे ना.”

त्याने पाना खाली ठेवला. “वजन जास्त झालं की लिफ्टही हलत नाही. तिला कोण आळशी म्हणतं?”

त्याने समोरच्या पायऱ्या बोटाने मोजल्या.

“सहाला दमता, तर चारलाच बसा.”

“दमायच्या आधी?”

“दोर तुटल्यावर तेल घालून काय उपयोग?”

चार पायऱ्या, मग बसणं. तोही बसायचा, दोन पायऱ्या खाली. तिसरा मजला गाठायला चाळीस मिनिटं लागली, आणि त्याने एकदाही घड्याळ पाहिलं नाही.

माझं शरीर शिक्षा देतं ती एकदोन दिवसांनी. मी जीव मुठीत धरून वाट पाहिली. तिसऱ्या सकाळी उठले... कुठेच काही दुखत नव्हतं. मी केस विंचरले आणि स्वतःच्याच हाताकडे चमत्कार बघावा तशी बघत बसले.

मग तो येतच राहिला. आई म्हणाली, “चालू लिफ्ट हा अजून किती वेळा दुरुस्त करणार आहे?”

एका सकाळी इतकं हलकं वाटलं, की म्हटलं, आज थेट गच्ची. तो आडवा उभा राहिला.

“बरं वाटतं त्याच दिवशी तुम्ही सगळं उधळता. आजही चारच.”

“तुम्ही कोण मला अडवणारे?”

“कोणी नाही...” त्याचे कान लाल झाले. “अजून तरी.”

चार पायऱ्या चढून मी बसले. तोही बसला. धावणारे खूप पाहिले होते. माझ्यासाठी बसणारा हा पहिलाच. छाती भरून आली — थकव्याने नव्हे.

“नीट ऐका,” मी म्हणाले. “मी बरी होईन की नाही, कुणाला ठाऊक नाही. फिरायला जायचं ठरेल आणि मी पडून असेन. पाहुणे येतील, मी झोपलेली असेन. आयुष्यभर... कदाचित.”

तो काही बोलणार, तोच मी हात वर केला.

“कीव नको. हो की नाही, तेवढं सांगा.”