खोल टाचा

शनिवारी दुपारी केसर पाणपोईचे माठ भरायला रणाच्या काठी निघाली, तेव्हा तिची लहानगी लेक मोंघी हट्टाने बरोबर आली. कच्छच्या त्या टोकाला ही पाणपोई केसरच्या आजोबांनी, रणमल पगींनी बांधलेली. मोंघीच्या जन्माआधीच ते गेले. पण त्यानंतर एकाही शनिवारी केसरने माठ कोरडे राहू दिले नव्हते.

लहानपणी शनिवारी शाळा सुटली की आजोबा, तिचे बापा, तिला इथे आणत. दोघांचा रविवारही मग रणातच जाई. माग काढणे हा या पगींचा पिढीजात व्यवसाय. खाऱ्या मातीवरचा एक ठसा पाहून ते चालणाऱ्याचे वय, थकवा, इतकेच काय, त्याच्या मनातली घाईही सांगत. पहिला ठसा सापडला की वाऱ्याने तो मोडू नये म्हणून त्यावर पितळी वाडगा पालथा घालत. त्या वेळी त्यांचा हात इतका हळुवार होई, की केसरला वाटे, ते कुणा झोपलेल्यावर पांघरूण घालत आहेत.

"हे बघ, दीकरी. बोटं खोल, म्हणजे पळतोय. टाच खोल, म्हणजे अंगावर ओझं आहे."

"ओझं चोरीचं की घरचं?"

"ते टाच सांगत नाही गं! त्यासाठी तुझ्या आजीलाच बोलवावं लागेल."

परतताना दमलेल्या केसरला ते खांद्यावर घेत. तिने मागे पाहिले की मात्र दटावत, "पुढं बघ. पगी आपला माग वाचत नाही."

का, ते त्यांनी कधीच सांगितले नाही.

माठ धुऊन, भरून केसरने मान वर केली, तेव्हा मोंघीच्या चपला पायरीवर होत्या. मोंघी नव्हती.

समोर धूळ उठली होती. काठावरची बाभूळही दिसेना. केसरने हाक मारली. वाऱ्याने ती तिच्या तोंडातच कोंबली. पुढे मिठाच्या पापुद्र्याखाली दलदल होती. मोठी माणसेही तिथे रुतत.

ती ओणवी झाली. इवल्या पावलाचा ठसा सापडताच तिने पाणपोईवर ठेवलेला बापांचाच वाडगा आणून त्यावर पालथा घातला आणि माग धरला. तिची स्वतःची पावले वारा क्षणात पुसत होता. मोंघीची मात्र कोरल्यासारखी उमटलेली होती.

दलदलीच्या कडेशी त्यांच्या शेजारी दुसरी पावले आली. मोठी, अनवाणी. उजवा अंगठा बाहेर वळलेला, बाजूला काठीचे भोक. हा ठसा तिने कितीतरी रविवार वाचला होता.

मग इवली पावले थांबली. मोठी पुढे गेली होती, दलदल टाळून, वळसा घेत. त्यांच्या टाचा खोल होत्या.

माग पाणपोईशी येऊन संपला. मोंघी माठाला टेकून बसली होती. ओठ ओले, केसांत मीठ.

"कुठं गेली होतीस गं?"

"लांब... पाय आत जात होते. मग बापांनी उचललं."

"कुठले बापा...?"

"काठीवाले. म्हणाले, तुझी आई अजून माठावर झाकण ठेवायला विसरते..."

केसरला हसू फुटले आणि त्याच क्षणी अंगावर काटाही आला. तिने माठ झाकले, हात जोडले, मोंघीला कडेवर घेतले आणि गावाची वाट धरली. वारा पडला होता. मोंघी लगेच झोपली. तिचे डोके केसरच्या खांद्यावर उबदार, जड.

वेशीजवळचा दिवा दिसू लागला, तेव्हा मात्र केसरला राहवले नाही. तिने मागे वळून पाहिले.

मऊ मातीत तिची पावले स्पष्ट उमटली होती. टाचा उथळ, रिकाम्या हातांनी चालणाऱ्या बाईच्या असाव्यात तशा.

तिने मोंघीला घट्ट, आणखी घट्ट धरले.

तिच्या पावलांशेजारून, अगदी तिच्यापर्यंत, बाहेर वळलेल्या अंगठ्याची पावले आली होती. त्यांच्या टाचा खोल होत्या.