चौथ्या मजल्यावरचा खुनी

पटत नसेल तर सोडून द्या. मला कुणाला पटवायचं नाहीये. पण हे माझ्या घरात, माझ्या डोळ्यांदेखत घडलंय. आणि त्याची खूण मी रोज तोंडात घेऊन फिरते. ती कोणती ते कळेलच.

भुताच्या गोष्टी रात्रीच्या असतात. ही नाही.

ही भर दुपारची आहे. रविवारची, जेवणं झाल्यानंतरची. जागा म्हणजे आमच्या दोन खोल्यांच्या घरातली मागची खोली. तिच्या खिडकीतून शेजारच्या इमारतीची भिंत आणि सांडपाण्याचे पाइप दिसतात, बाकी काही नाही.

मी दातांच्या दवाखान्यात मदतनीस आहे. दिवसभर लोकांच्या उघड्या तोंडात बघायचं, हेच काम. थुंकी, रक्त, पू, किडलेल्या दाढा... सगळं बघून मी निवांत डबा खाते. मला सहजासहजी किळस येत नाही.

मला किळस यायची ती एकाच माणसाची. सासऱ्यांची.

माणूस वाईट नव्हता हो. मला कधी उलट बोलले नाहीत की कशात लुडबुड केली नाही. पण त्यांना एक नाद होता. 'चौथा मजला' नावाची रहस्यकथांची कॉमिक मालिका. माझा नवरा जन्मला नव्हता तेव्हापासून ती चालू आहे, आणि अजून चालूच आहे. महिन्याला एक अंक. सगळे अंक त्यांनी पलंगाखालच्या ट्रंकांमध्ये जपून ठेवले होते.

गोष्ट काय, तर एका इमारतीच्या चौथ्या मजल्यावर घरमालकाचा खून होतो. खुनी कोण?

एवढंच. पण पुढे तो मेलेला माणूस मालक नव्हताच, त्याचा जुळा भाऊ होता, असं निघालं. मग जुळा भाऊ जिवंत सापडला. मग तपास करणाऱ्या टोपीवाल्याची स्मृती गेली. मग टोपीवालेच दोन निघाले. एकदा मी नवऱ्याला विचारलं, तुला कळतं का रे यातलं काही? तो म्हणाला, "बाबांना विचार. माझ्या तर डोक्यावरून जातं."

सासरे वाचायचे कसे, तेही सांगायला हवं.

मागच्या खोलीतल्या वेताच्या खुर्चीत बसायचे. आधी तोंडातली कवळी काढायची आणि शेजारच्या स्टुलावर ठेवलेल्या स्टीलच्या पेल्यात टाकायची. टण्. मग बोट तोंडात घालायचं, चांगलं दुसऱ्या पेरापर्यंत, आणि चोखून बाहेर काढायचं. चप्. मग पान उलटायचं. सर्र.

प्रत्येक पानाला. प्रत्येक.

"बाबा, कवळी तरी घाला हो," मी म्हणायचे.

"कवळी घातली की डोकं चालत नाही गं," ते बोळक्या तोंडाने हसायचे. "तुला काय वाटतं सूनबाई, कोण असेल खुनी?"

"तुम्हीच," मी म्हणायचे, आणि बाहेर निघून यायचे. त्या अंकांचे खालचे कोपरे फुगून पिवळे पडलेले असायचे. झाडताना ट्रंक उघडी दिसली की मी पायानेच झाकण लोटायचे.

गेल्या वर्षी ते गेले. छातीत कफ भरला, आठवडाभर दवाखान्यात होते. शेवटच्या दिवशी नवऱ्याचा हात धरून म्हणाले, "शेवट राहिला रे. शेवट सांगशील ना मला?"

नवरा रडत म्हणाला, "सांगतो बाबा. नक्की सांगतो."

मरणाऱ्या माणसाला कोणीही हेच सांगेल. मीही सांगितलं असतं.

पुढच्या महिन्यात पेपरवाला सवयीने नवा अंक टाकून गेला. नवऱ्याने तो प्लास्टिकच्या वेष्टनातून बाहेरही काढला नाही, तसाच वेताच्या खुर्चीत नेऊन ठेवला. स्टुलावरचा पेला आणि त्यातली कवळीही त्याने हलवू दिली नव्हती. पेला कोरडा होता. मी स्वतः पाणी ओतून टाकलं होतं.

"कवळी तरी टाकू दे," मी म्हणाले.

"राहू दे ना. एवढं काय अडतंय तुझं?"

अडत काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी केर काढायला मागच्या खोलीत गेले. अंक खुर्चीतच होता, वेष्टन बंद. मी सहज उचलला...

आतून ओला होता.

वेष्टन फाडलं. पानांचे खालचे कोपरे एकमेकांना चिकटले होते. उलगडताना दोन पानांमध्ये एक तार ताणली गेली. बारीक, पारदर्शक. मग तुटून माझ्या मनगटावर पडली.

ते काय आहे हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. मी दिवसभर तेच पुसते. आणि वासही मला ओळखू आला, न धुतलेल्या कवळीचा, आंबट आणि कोमट.

मी मोरीत जाऊन ओकले.

संशय नवऱ्यावरच आला. बापाच्या आठवणीत माणसं काय वाट्टेल ते करतात. संध्याकाळी चांगलं फैलावर घेतलं त्याला. तो मुलखाचा शांत, लिफ्ट दुरुस्तीचं काम करणारा, देवाधर्माच्याही वाटेला न जाणारा. पण अंक पाहिला आणि दोन्ही हात मागे घेतले.

"मी हात पण नाही लावला गं," तो म्हणाला.

पुढचा अंक आला तो रविवारी. नवऱ्याने तोही न उघडता खुर्चीत नेऊन ठेवला. जेवण झालं होतं. नवरा माझ्यासमोर ताटावर बसलेला, हात अजून खरकटे. मी भांडी गोळा करत होते. आणि मागच्या खोलीतून आवाज आला...

टण्.

आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं.

चप्.

...

सर्र.

हात धुवायचंही सुचलं नाही. तसेच बसून राहिलो. शेवटचं पान उलटेपर्यंत आवाज येत राहिला. मग सगळं शांत झालं. इतकं शांत, की वरच्या घरातला पंखा ऐकू येत होता.

मी उठून बघून आले. खुर्ची रिकामी. वेष्टन बंद, आत पानं ओली. आणि त्या कोरड्या पेल्यात कवळी बुडेल इतकं गढूळ पाणी होतं. वर फेस होता.

"ते शेवटाची वाट बघतायत," नवरा म्हणाला. "मी शब्द दिलाय."

त्या दिवसापासून त्याने वाचायला घेतलं, अगदी पहिल्या अंकापासून. कामावरून आला की ट्रंक उघडायची. कोण कुणाचा भाऊ, कोणत्या टोपीवाल्याकडे किल्ली, काही म्हणता काही त्याला उमगेना. जेवताना मध्येच थांबून विचारायचा, "पण मग मालकाची बायको विधवा कशी?"

आणि एका सकाळी पाव खाता खाता तो थांबला.

तोंडातून घास बाहेर काढला. पावात दात रुतला होता.

पुढचा, वरचा. मुळासकट. रक्ताचा थेंब नाही. मी तिथेच त्याला खिडकीशी नेलं आणि तोंड उघडायला लावलं. हिरड्या निरोगी, गुलाबी. पस्तिशीच्या माणसाचे असे दात पडत नाहीत. आमच्या डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे काढला आणि बराच वेळ बघत बसल्या.

"असं मी कधी बघितलं नाही," त्या म्हणाल्या. "हाड चांगलं आहे. काहीच कारण दिसत नाही."

पुढच्या अंकानंतर दुसरा गेला. त्याच्या पुढच्या अंकानंतर दाढ. मी अंक बंद केला, पेपरवाल्याला दम दिला. तरी नवरा स्टॉलवरून घेऊन आला. "नाही आणला तर काय होईल कुणास ठाऊक," म्हणाला. बोलताना फटीतून हवा फुस्स करून जायची. आणि वाचता वाचता त्याचं बोट हळूच तोंडाकडे जायला लागलं होतं. मी हातावर चापटी मारली की दचकून खाली घ्यायचा.

मला त्याची किळस वाटायला लागली. माझ्या स्वतःच्या नवऱ्याची. रात्री मी भिंतीकडे तोंड करून झोपायचे आणि उशीत रडायचे. असाच एकेक दात जात राहिला, तर वर्षा-दोन वर्षांत मला त्या खुर्चीत सासरेच दिसणार होते.

मग मी ठरवलं, शेवट हवाय ना त्यांना? आणून देते.

अंकावर पत्ता छापलेला होता. रजा टाकून गेले. टायरच्या दुकानावरचं एक खोलीचं ऑफिस. आत एकच माणूस, बनियनवर बसून चौकटी आखत होता. चित्रंही तोच काढायचा, गोष्टही तोच लिहायचा. मी भूत वगैरे काही काढलं नाही. म्हटलं, सासरे आजारी आहेत, जायच्या आधी त्यांना खुनी कोण ते कळायचंय.

त्याने पेन्सिल खाली ठेवली.

"ताई, खरं सांगू? मलाच माहीत नाही."

"म्हणजे?"

"ज्यांनी सुरू केली ते कधीच गेले. कुणाला काही सांगून गेले नाहीत. त्यांच्यानंतर दोघांनी चालवली, आता मी ढकलतोय. मागचे अंक वाचायला सुद्धा वेळ नसतो हो. दर महिन्याला काहीतरी करायचं झालं."

"मग संपवा ना एकदाची!"

"संपवली तर खाऊ काय?" तो हसला.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या ट्रंका, ते अख्खा जन्म वाट बघणं, माझ्या नवऱ्याचे दात... आणि हा हसतोय. मी टेबलावर हात आपटला आणि म्हणाले, काहीतरी सांगा. आत्ता. एक नाव सांगा, मी जाते.

तो घाबरला असावा.

"चौकीदार," तो म्हणाला. "सांगा त्यांना, चौकीदार आहे म्हणून. तसं जमतंय."

घरी आले तेव्हा दुपार होती. नवरा कामावर होता. मी चपला काढल्या आणि थेट मागच्या खोलीत गेले. खुर्चीसमोर उभी राहिले. तोंडाला पदर लावला होता, तो वास सहन होईना.

"बाबा," मी म्हणाले, "शेवट आलाय. खुनी चौकीदार आहे. मी स्वतः विचारून आलेय. आता झोपा शांत."

काही झालं नाही.

मग खुर्चीचा वेत करकरला. कोणीतरी उठल्यासारखा...

आणि वास गेला. फटकन. खोलीत नुसता धुळीचा वास उरला. कवळी मी दुसऱ्याच दिवशी दवाखान्याच्या कचऱ्यात टाकली. नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो लहान पोरासारखा माझ्या मांडीत डोकं घालून रडला. एवढे महिने मी त्याच्याजवळ गेले नव्हते. त्याच्या केसांवरून हात फिरवला, तेव्हा मलाच माझी लाज वाटली.

महिना सुखाचा गेला. त्याचा एकही दात हलला नाही. डॉक्टरीणबाईंनी गेलेल्या दातांच्या जागी नवे बसवायला मापंही घेतली.

मग रविवार आला. आता भीती कशाची, म्हणून नवऱ्याने स्टॉलवरून नवा अंक आणला आणि हौसेने खुर्चीत ठेवला. "बाबांना बघू दे, चौकीदाराला कसा पकडतात ते," म्हणाला. आम्ही जेवलो आणि पुढच्या खोलीत आडवे झालो. डोळा लागला.

मला जाग आली ती आवाजाने. पेल्याचा टण् नव्हता. पेला तर धुऊन फडताळात ठेवला होता.

चप्.

सर्र.

चप्...

आणि मध्येच थांबला. पुढचं पान उलटलंच नाही.

मी उठून आत गेले. या वेळी वेष्टन फाटलेलं होतं. अंक खुर्चीत उघडा पडला होता. पानभर एकच चित्र. लिफ्ट, लिफ्टमध्ये चौकीदार, गळा चिरलेला. खाली लिहिलं होतं की त्याला मरून वर्ष झालंय, आणि एवढे दिवस त्याच्या कपड्यांत कोणीतरी दुसराच फिरतोय.

फोन करून त्या ऑफिसातल्या माणसाला शिव्या घातल्या. तो ओशाळला. "अरेच्चा," म्हणाला, "अंक तर तुम्ही यायच्या आधीच छापायला गेला होता. चौकीदाराला मारलंय हे मी विसरलोच बघा."

पण ते नंतरचं. त्या वेळी मी नुसती चित्राकडे बघत उभी होते. चित्र थुंकीने लडबडलेलं होतं. आणि त्या थुंकीत, चौकीदाराच्या चिरलेल्या गळ्यावर, एक दाढ पडली होती.

मी वळून नवऱ्याकडे धावले. झोपेतच त्याचा जबडा उघडून बघितला. जेवढे होते तेवढे सगळे जागेवर होते.

परत येऊन दाढ उचलली. ओली होती, कोमट होती. वर चांदी भरलेली, एका कडेला जरा वर आलेली. ती कड मला ओळखीची होती. मागच्या वर्षी डॉक्टरीणबाईंनी ती भरली, तेव्हा दवाखान्यातल्या खुर्चीत मीच बसले होते.

मी जीभ फिरवली...

उजवीकडे, खाली, मऊ खड्डा लागला.

आता नवऱ्याचे दात पडत नाहीत. ते बरं झालं, असंच म्हणायचं. सध्या मी भात कालवून, चिवडून खाते. सगळ्या ट्रंका पुढच्या खोलीत आणल्यात आणि रोज कामावरून आले की वाचते, पहिल्या अंकापासून. पानं जुनी आहेत, चिकटलेली, कोरड्या बोटाने सुटत नाहीत. कसं वाचते ते विचारू नका.

तुमच्यापैकी कोणी 'चौथा मजला' वाचत असेल आणि खुनी कोण ते नक्की कळलं असेल, तर मला कळवा.

नक्की असेल तरच. अंदाज सांगू नका.