उत्तर यायच्या आत

मंगळाकडे निघालेलं ‘शोधिनी’ यान पृथ्वीपासून इतकं दूर आलं होतं, की तिथल्या मानसोपचारतज्ज्ञ डॉ. इनामदारांचा आवाज पोचायला मिनिटभर लागे. एके दिवशी त्यांनी लीनाला स्पष्टच सांगितलं, “यापुढे तुम्हाला डॉ. रेबेका तळकरांनी बघावं. त्या मंगळावरच्या वसाहतीत असतात. पुढचे उपचार त्यांच्याकडेच व्हायला हवेत.”

लीना खांडेपारकर यानावरची वनस्पतितज्ज्ञ. काही आठवड्यांपूर्वी हरितकक्षात धूर कोंडला, दार अडकलं आणि ती आत सापडली. सहकारी नोझरने दार तोडून तिला बाहेर काढलं. इजा झाली नव्हती. पण तेव्हापासून त्या दाराशी गेली की तिचा श्वास अडे. इनामदारांशी बोलून तिला निदान झोप लागू लागली होती. नोझर तिला विचारून विचारून रोपं सांभाळत होता, तरी पालक पिवळा पडत चालला होता. मंगळ येईपर्यंत सगळ्यांनी तोच खायचा होता.

“पण तळकरबाईंपर्यंत माझा शब्द पोचायलाच पाच मिनिटं लागतील, उत्तराला आणखी पाच,” ती म्हणाली. “जवळचा डॉक्टर सोडून लांबचा कशाला?”

थोड्या वेळाने उत्तर आलं. “मी रोज लांब जाणार, त्या रोज जवळ येणार. विश्वास बसायचा तर संदेशविलंब घटता हवा, वाढता नको. तुमची हरकत नसेल तर आजवरचं सगळं मी त्यांना कळवतो. पहिल्यापासून सांगायला लागणार नाही.”

लीनाने होकार दिला, पण नंतर बराच वेळ ती रडली.

तळकरबाईंशी बोलणं सुरुवातीला विचित्र वाटे. प्रश्न विचारून ती गप्प बसे आणि उत्तर येईपर्यंत तिचं तिलाच काहीबाही सुचलेलं असे. मग एके सकाळी नोझर सांगत आला, की मुळं सडू लागलीत. ती कानाला यंत्र लावून हरितकक्षाच्या दाराशी गेली.

“बाई, मी दाराशी आलेय. आत जाऊ का?”

श्वास अडला. उत्तराला अवकाश होता आणि मुळं सडत होती. ती दाराला टेकून उभी राहिली. अडलेला श्वास हळूहळू सुटला, तशी तिने कळ दाबली. आत ओल्या मातीचा वास होता. ती पिवळी पानं खुडत असताना कानात आवाज आला : “आत कसं वाटतंय, लीना?”

ती चमकली. आवाज पोचायला लागलेला वेळ धरला, तर बाईंनी हे विचारलं तेव्हा ती अजून बाहेरच होती!

मंगळावर उतरल्यावर तिने समोरासमोर विचारलंच, की मी आत जाणार हे तुम्हाला आधीच कसं कळलं. तळकरबाई हसल्या.

“इनामदारांनी मला लिहिलं होतं, की ही बाई माझा शब्द ऐकल्याशिवाय पाऊल उचलत नाही. हिला अशी डॉक्टर द्या, जिचा शब्द वेळेवर पोचणारच नाही.”

“म्हणजे विलंब हेच औषध होतं?” लीना थक्क झाली. “मग आता? आता तर तुम्ही हातभरावर!”

“आता पथ्य माझ्याकडे,” बाई म्हणाल्या. “उत्तर तयार असताना तोंड मिटून बसायचं. मला मुळीच जमत नाही. बोला.”

लीना मोकळेपणी हसली आणि बोलू लागली.