नागभीडच्या वाटेवरचा कोरडा नाला

मोटार घेऊन जंगलात रायले जाऊन राहिले न तुमी? जा, पोरंहो. मी अडवत नाही. फक्त मारोतरावचं आयकून जा. आपल्याच गल्लीतला, शाळेत मास्तर होता. हे त्यानं मले स्वतः सांगितलं, याच ओट्यावर बसून.

दहा वर्षं झाली. वैशाख वद्य अष्टमी. मारोतरावचा दोस्त चंद्रभान, त्याचं लग्न ठरलं होतं. भिवापूरले बहिणीकडं पत्रिका द्यायची होती. त्याच्यापाशी जुनी मोटार होती. तो म्हणे, पत्रिका देऊ न तसेच पुढं जंगलात तंबू ठोकून तीन दिवस राहू, लग्न झाल्यावर मले कोण सोडते? तिसरा छापखान्यातला देवराव. तिघंही लहानपणापासूनचे.

बहिणीनं जेवू घातलं. दोन सुरया पाणी भरून देल्लं.

भिवापूर सोडून नागभीडच्या कच्च्या रस्त्यानं बरेच पुढं गेले, न चारच्या उन्हात मोटार उकळली. चंद्रभाननं एक सुरई इंजिनात ओतली. दोन मैल चालली न पुन्हा बंद पडली. मंग दुसरी उचलली. मारोतराव म्हणे, "थांब गा. पेयले ठेव."

"पुढं गाव आहे न."

ओतली. मोटार सुरू झाली नाही. गावही नव्हतं.

रस्त्याच्या कडेलेच तंबू लावला. सांजेपासून देवरावले ताप भरला. उन्हानं धरलं होतं. नऊ वाजता तो बरळायले लागला. ओठ फाटले, जीभ आत वळेना. "आई, पाणी दे वं," एवढंच म्हणे. चंद्रभान त्याच्या उशाशी बसून रडे. "म्याच ओतलं गा. मीच मारून राहिलो याले."

शेवटी मारोतरावनं रिकामी सुरई उचलली. "तू इथून हालू नको. मी पाहून येतो."

अर्ध्या कोसावर नाला लागला. पुरा कोरडा. तो खाली उतरून हातानं वाळू उकरायले लागला. कोपरभर उकरली, कोरडी. सरकून दुसरीकडं उकरली. तिथंही तेच. नखं फाटली. पन्नास पोरं ज्याले भेत, तो मास्तर वाळूत तोंड घालून रडला. म्हणे, "कोणीही असा, काहीही घ्या. पाणी द्या."

बारा वाजून गेले होते. चांद नुकताच वर येऊन राहिला होता.

"किती जण?"

त्यानं मान वर केली. नाल्याच्या मधोमध एक बाई उकिडवी बसली होती. तिच्यापुढं वाळूत खणलेला झिरा... काठोकाठ भरलेला. तोंड दिसे नाही.

"तीन," मारोतराव म्हणे. "माय, एकाचा जीव जाऊन राहिला."

बाईनं सुरई घेतली. करवंटीनं पाणी भरलं. अर्धीच भरली.

"आणखी दे वं माय. तिघं आहोत."

"दोघांले पुरते."

"...अन् तिसरा?"

तिनं सुरई त्याच्या हातात देल्ली.

मारोतराव पळत सुटला. त्याले वाटलं, देवराव गेला.

तंबूत कंदील जळून राहिला होता. देवराव एकटाच. जिता होता. मारोतरावनं त्याले घोट घोट पाजलं. त्यानं डोळे उघडले.

"चंद्रभान कुठी आहे?"

"तुनंच त बलावलं."

"कोणी?"

"तुनं. बाहेरून. पाणी सापडलं, लवकर ये म्हणून... तो पळतच गेला."

मारोतरावनं हाक मारली नव्हती.

तो बाहेर आला. "चंद्रभान..." कोणी नाही. "चंद्रभान..."

...

देवरावले टाकून जाता येईना. रातभर तो तंबूच्या तोंडाशी उभा राहून हाका मारे. आवाज बसला तरी मारे.

देवराव वाचला. आठ दिवसांत उठून बसला. पण त्या सकाळचं आयका.

उजाडता उजाडता मिरच्यांच्या बैलगाड्या आल्या. गाडीवाले मारोतरावसंग नाल्यात उतरले. चंद्रभान मधोमध पडला होता. पालथा. गार. अंगावर ओरखडाही नव्हता. आजूबाजूले झिरा नाही. खड्डा नाही. वाळू सपाट, कोरडी. म्हातारा गाडीवाला म्हणे, संक्रांतीपासून इथं थेंब नाही.

चंद्रभानची उजवी मूठ आवळलेली होती. मारोतरावनं एकेक बोट उघडलं.

ओला गाळ. न त्यात बोटाएवढी मासोळी...

तडफडून राहिली होती.