आजोबांच्या बोटाचं माप

"साबण लावला तरी निघायची नाही ती अंगठी! कुणीतरी ओढून काढलीय."

आजोबांचं रिकामं बोट दाखवत 'कुणीतरी' म्हणताना मामा मावशींकडे बघत होता. सहा महिने आजोबा अंथरुणाला खिळले होते आणि त्यांचं सगळं करायला कामाला ठेवलेल्या मावशी रोज सकाळी येत. "संध्याकाळपर्यंत अंगठी मिळाली नाही, तर उद्यापासून येऊ नका," असं सुनावून मामा फोन घ्यायला बाहेर गेला. मोठ्या माणसांना एकदा पक्कं वाटलं की पुढे काही विचारायची सोयच नसते.

सुट्टीला आलेली ताई, तिचा सतत गुणगुणणारा धाकटा भाऊ भुंगा आणि मामाचा शंकेखोर मुलगा मास्तर, तिघंही पलंगाशी उभी होती. आजोबा मावशींशिवाय कुणाच्या हातून घास घेत नसत. मावशी गेल्या तर काय होणार, हे कुणी बोलून दाखवायची गरज नव्हती.

ताईने आजोबांचा हात हातात घेतला आणि ती चपापली. "अरे, बोट बघा. नुसतं हाड उरलंय."

"मग अंगठी घट्ट कशी राहील?" भुंगा म्हणाला.

"तोंडाची वाफ दवडू नका, मोजा," मास्तर म्हणाला.

वहीच्या पानाची पट्टी बोटाच्या मुळाशी गुंडाळून त्यांनी टोक जुळलं तिथे पेन्सिलीने खूण केली आणि सोनाराचं दुकान गाठलं. अंगठी त्यानेच घडवली होती.

सोनाराने पट्टी पाहिली आणि नाक मुरडलं. "सांध्याचं माप कुठाय? बोट बारीक झालं तरी सांधा अंगठीला अडवतो. अर्धवट काम करून कशाला आलात?" मग त्याने जुनी मापवही चाळली आणि मापाच्या कड्यांच्या जुडग्यातून एक कडं काढून दिलं. "आजोबांची अंगठी नेमकी एवढी. घालून बघा आणि परत आणून द्या. हरवलंत तर याद राखा."

घरी येऊन ताईने ते कडं आजोबांच्या बोटात घातलं. हात जरा खाली केला तर कडं सांध्यावरून अलगद घसरून फरशीवर पडलं. मुलांचं म्हणणं खरं ठरलं होतं, पण आनंद कुणालाच झाला नाही. भुंगासुद्धा गुणगुणायचा थांबला.

"म्हणजे अंगठी आपोआप गळली," मास्तर म्हणाला. त्यांनी पलंगाखाली पाहिलं, चादरी झटकल्या. काही नाही.

"सकाळी लोकरी हातमोजे चढवले तेव्हा बोटात होती," मावशी हळूच ताईला म्हणाल्या. "अंगठीला दोरा गुंडाळू का, म्हणून तुझ्या मामांना दोनदा विचारलं होतं मी. बघू म्हणाले."

"आणि हातमोजे काढले कुणी?" ताईने विचारलं.

"तुझ्या मामांनीच. डॉक्टरांना बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावायचा होता, म्हणून घाईघाईत ओढले."

मामा आत आला तसं मास्तरने त्याला गाठलं. "बाबा, आजोबांचे हातमोजे कुठे ठेवलेत?"

"असतील इथेच. पुरे झाली तुमची पोलिसगिरी."

तोवर खुंटीवरच्या मामाच्या कोटाचा फुगलेला खिसा बघून भुंग्याने त्यात हात घातलाही होता. खिशातून दोन चुरगळलेले हातमोजे निघाले. त्यातला एक उलटा करून झटकल्यावर अंगठी बाहेर पडली.

मामाने वाकून अंगठी उचलली. "चुकलो मी, मावशी. पोरांनो, शाब्बास. तुम्ही नसतात तर माझ्या हातून केवढा अन्याय झाला असता."

त्याने अंगठी आजोबांच्या बोटात घातली. ती गरगर फिरली. मामा त्या बोटाकडे बघतच राहिला. "इतके कधी वाळले हे?"

"रोज थोडे थोडे," मावशी म्हणाल्या.

"उद्या याल ना?"

"येईन. पण एक वेळचं जेवण तुम्ही भरवायचं. फार दिवस राहिले नाहीत त्यांचे."

मामाने मान हलवली आणि पेजेची वाटी तेव्हाच मागून घेतली. आजोबांनी तोंड उघडलं नाही. मामा चमचा धरून तसाच बसून राहिला.