आमोद नावाची ड्राइव्ह

बिघडलेल्या कॉम्प्युटरमधून फायली काढून देण्याचं आमचं दुकान शनिवार पेठेत होतं. आमोदचं आणि माझं. टेबलावर सतत चार-पाच हार्ड ड्राइव्ह जोडलेल्या असत आणि कॉम्प्युटर त्यांना वाटेल ते अक्षर द्यायचा. आज ‘ई’ असलेली उद्या ‘जी’. एकदा मी भलत्याच गिऱ्हाइकाची ड्राइव्ह पुसायला निघाले, तेव्हा आमोदने एक स्क्रिप्ट, म्हणजे छोटासा प्रोग्रॅम, लिहिली. स्क्रीनवरच्या काळ्या खिडकीत ड्राइव्हचं नाव टाइप केलं, की ती कोणत्या अक्षरावर आहे ते कळायचं. “पत्ता बदलला म्हणून माणसाचं नाव बदलतं का, नीरजा?” असं वर ऐकवलंनही.

कात्रजच्या घाटात बाइक घसरून आमोद गेला, त्याला वर्ष होत आलं होतं. त्या दुपारी त्याची आई, श्यामलाकाकू, त्याची स्वतःची ड्राइव्ह पिशवीत घालून आल्या. घरी त्या एकट्याच. त्याचा आवाज आठवेनासा झालाय, म्हणाल्या. यात कुठे बोललेला असेल तर एकदा ऐकव.

ड्राइव्ह फिरतच नव्हती. वायर बदलली, दुसरं मशीन लावून पाहिलं. शेवटी सगळं काढून ठेवलं. पण ‘नाही’ म्हणायला जीभ रेटेना, म्हणून उगाच स्क्रिप्ट चालवली आणि ‘आमोद’ टाइप केलं.

सापडली. ‘जी’वर.

आत आवाजाची एकच फाइल होती. तारीख आजची, सकाळची.

मी ड्राइव्हकडे पाहिलं. ती टेबलाच्या कडेला होती, वायरीशिवाय. मी मशीन बंदच करणार होते. पण काकू माझ्या तोंडाकडे बघत होत्या आणि मला त्यांची फार दया आली. मी स्पीकर लावले.

कुकरची शिट्टी. भांडी. मग काकूंचाच आवाज: “आमटी कशी झालीये रे?”

काकूंनी मान खाली घातली. रोज त्याचं पान वाढते, म्हणाल्या. कुणाला सांगू नकोस.

वाटी सरकल्याचा आवाज आला.

“खारट,” आमोद म्हणाला. त्याच्या नेहमीच्या कुजकट सुरात.

काकूंनी पदराने डोळे टिपले. हसल्या.

“सकाळी एवढं विचारलं, तर एक शब्द बोलला नाही,” त्या म्हणाल्या. “नुसता पान साफ करून उठला.”