टिकलीखालचा लाल दिवा

"काकू, या डब्याला टिकली कुणी लावली?" प्रेरणाने विचारलं.

"मीच की!" शकूकाकू उशीला अभ्रा चढवत म्हणाल्या. "लाल दिवा सारखा डोळ्यांवर यायचा. पाहुण्यांना झोप येत न्हवती. काढू नको हां, चार वाजता पुण्याची मंडळी येतायत!"

तुंगार्लीच्या बंगल्यातली ही खोली म्हणजे प्रेरणाच्या बाबांचा स्टुडिओ. बाबा मावळभर लग्नांचं शूटिंग करायचे आणि सगळं या डब्यात, म्हणजे घरच्या सर्व्हरवर साठवायचे. बाबा गेले त्याला तीन वर्षं झाली. प्रेरणा आईबरोबर घोरावाडीला राहू लागली आणि कैलासकाकांनी खोली पाहुण्यांना भाड्याने द्यायला सुरुवात केली. डबा तेवढा कोपऱ्यात पडून राहिला.

काकूंची पाठ वळताच प्रेरणाने टिकली उचकटली. खाली लालभडक दिवा! आणि आतून आवाज, टक्... टक्... टक्.

तिची मैत्रीण पिंकी सुट्टीला बरोबर आली होती. पिंकीचा दादा कारखान्यात कॉम्प्युटर सांभाळायचा. तिने त्याला फोन लावला.

"लाल म्हणजे एक डिस्क मेलीय," दादा म्हणाला. "दुसरी आता टकटक करतेय. आधी हवं ते लॅपटॉपवर उतरवा. आणि डबा बंद करू नका! बंद झाला तर पुन्हा उठायचा नाही!"

"मी दिवाळीतच काकांना दिवा दाखवला होता," प्रेरणा दातओठ खात म्हणाली. "म्हणाले, आत दोन डिस्का हायेत, एक गेली तर दुसरी हाय की!"

"आणि दर शनिवारी माझे बाबाच याचा प्लग उपटतात, पाहुण्यांच्या स्पीकरसाठी. आजही उपटतील," काकांचा मुलगा माऊली लॅपटॉप जोडत म्हणाला.

डब्यात बाबांनी दरवर्षी एक फोल्डर केला होता. 'प्रेरणा १', 'प्रेरणा २', असे थेट दहापर्यंत. प्रेरणाने पहिल्यापासून सुरुवात केली. बाबांचा आवाज दुसरीकडे कुठेच उरला नव्हता. त्यांचा फोनसुद्धा काकांनी विकून टाकला होता.

तिसरा फोल्डर उतरत होता आणि जिन्यावर काकांच्या चपला वाजल्या.

"माऊली, काहीतरी कर!" प्रेरणा कुजबुजली.

माऊली बाहेर धावला. "बाबा, साप! खोलीत साप शिरलाय!"

चार माणसांशी भांडायला न भिणारे कैलासकाका सापाचं नाव काढलं की पांढरेफटक पडत. त्यांनी दोघी पोरींना दंडाला धरून बाहेर ओढलं आणि धाडकन कडी घातली. "कुणी आत जायचं न्हाई! सापवाल्याला बोलावतो!"

प्लग वाचला! तिघंही खिडकीच्या काचेला नाक लावून उभी राहिली. चौथा फोल्डर... पाचवा... सहावा...

सातवा निम्मा झाला आणि लॅपटॉपवरची हिरवी पट्टी थांबली.

प्रेरणाने कडी काढली.

"पिरे, साप हाय तितं!" काका ओरडले.

"साप नाही काका! साप कधीच नव्हता!"

डबा गप्प होता. टकटकसुद्धा नाही. आपण दहाव्यापासून सुरुवात करायला हवी होती, हे तिला तेव्हा कळलं. शेवटची साडेतीन वर्षं गेली होती. बाबांचा शेवटचा वाढदिवस त्यातच होता.

माऊलीने रडत सगळं सांगितलं. काकू कौतुकाने म्हणाल्या, "लय हुशार पोरं! एवढं तरी वाचवलं!" काकांनीही पाठ थोपटली. "शाब्बास पोरी! पण आदी सांगायचं की मला."

"सांगितलं होतं, काका. दिवाळीत."

काकांचा हात तिच्या पाठीवरच राहिला. पिंकीला राहवेना, तिने एक व्हिडिओ सुरू केला.

पाच वर्षांची प्रेरणा तळ्याकाठी चिक्की खात होती. "बाबा, तुमी पण या ना फोटोत!"

बाबा दिसले नाहीत. नुसता आवाज आला, हसरा. "मी आलो तर कॅमेरा कोन धरणार?"

प्रेरणाने सगळे व्हिडिओ पुढे पळवून पाहिले. साडेसहा वर्षांत बाबा एकदाही दिसले नाहीत. शाबासकी तिला मुळीच नको होती.

तिने टिकली काकूंच्या हातावर ठेवली आणि व्हिडिओ पुन्हा पहिल्यापासून लावला.